पुढे काय ठरवलंयस?

दिवाळीच्या फराळाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो. अनारसे जाळीदार होवोत की चपटे, चिवड्यात दाणे जास्त पडोत की कमी, तो प्रश्न यायचाच. घरात सोळा ते तीस वयाचे कोणी दिसले की पाहुण्यांपैकी एखादे काका चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारतात, "मग, पुढे काय ठरवलंयस?"

विचारणाऱ्याला उत्तराशी फारसे कर्तव्य नसते आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून शहाणी मुले एक उत्तर घडी घालून खिशात तयारच ठेवतात. दहावीतली सांगतात, "सायन्सला जाणार." बारावीतली सांगतात, "कॉम्प्युटर घेणार." पदवी पदरात पडलेली सांगतात, "बाहेर एम. एस. करायचा विचार आहे, जर्मनी बघतोय." काका "वा, वा!" म्हणतात, वाटीत आणखी थोडी शेव घेतात आणि व्यवहार पुरा होतो.

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या बहिणीकडे, पुण्याला कोथरुडात, हा व्यवहार मोडला. प्रश्न विचारला तिच्या चुलत दिरांनी आणि उत्तर द्यायचे होते माझ्या भाच्याला. मुलगा सत्तावीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला, हिंजवडीच्या एका कंपनीत तीन वर्षे नोकरी करणारा. त्याने वाटी खाली ठेवली, क्षणभर खरोखरच विचार केला आणि म्हणाला, "काही ठरवलेलं नाही, काका. ठरवण्यासारखं काही दिसतच नाही."

उद्धटपणा त्यात नावालाही नव्हता. कोणी वेळ विचारावी आणि घड्याळ पाहून सांगावी, तसे त्याने सांगितले. पण खोलीत अशी शांतता पसरली की कोणाच्या तरी दाताखाली मोडलेली चकली स्पष्ट ऐकू आली. मग बहीण घाईघाईने म्हणाली, "कॉफी कोणाकोणाला?" आणि सर्वांनाच कॉफी हवी झाली.

मी मुंबईला परतल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, तू त्याच्याशी एकदा बोल. तुझं ऐकतो तो. नोकरी आहे, पगार आहे, व्यसन नाही, कशाची तक्रार नाही. पण त्याच्या आयुष्यात ध्येय म्हणून काही नाहीच रे!"

'ध्येय' हा शब्द तिने ज्या आवाजात उच्चारला, त्या आवाजात आमची आई 'हिमोग्लोबिन' म्हणत असे. पोराच्या अंगात ते कमी भरले आहे, आणि काहीतरी चाटवून वाढवले पाहिजे!

वाचकहो, हा शब्द आपल्या मध्यमवर्गात इतका कसा मुरला, याचे मला नेहमी नवल वाटते. माझ्या शाळेत 'मी मोठेपणी कोण होणार' हा निबंध दरवर्षी येई. १९६५ साली मी चौथीत होतो. युद्ध नुकतेच झाले होते, त्यामुळे अर्धा वर्ग सैनिक झाला, उरलेला अर्धा डॉक्टर झाला आणि गुरुजींनी सर्वांना दहापैकी सहा गुण दिले. त्या सैनिकांपैकी माझ्या माहितीत एकही पुढे सैन्यात गेला नाही. एकाची पिठाची गिरणी आहे, एकजण नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसून निवृत्त झाला, आणि मी एका बँकेत छत्तीस वर्षे काढली. त्या नोकरीचा अर्ज माझ्या थोरल्या चुलतभावाने स्वतःच्या अर्जाबरोबर माझाही भरून टाकला होता. त्याची निवड झाली नाही, माझी झाली. हे सदर लिहिण्याचेही मी कधी ठरवले नव्हते. बायको म्हणते, ते वाचणाऱ्याच्या लक्षात येतेच.

आमच्या आधीच्या पिढीला ध्येय शोधावे लागले नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९४२ साली अठरा वर्षांच्या मुलाला कोणी "पुढे काय ठरवलंयस?" असे विचारीत नसे. उत्तर रस्त्यावरून घोषणा देत चालले होते. पुढे १ मे १९६० पर्यंत संयुक्त महाराष्ट्र होता. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतले ध्येयवादी तरुण वाचून आमच्या मावश्या-आत्या उसासे टाकीत, तेव्हा त्या तरुणांच्या ध्येयाला एक सोय होती, की ते एकट्याचे नसे. आज प्रत्येक पोराने आपापले ध्येय आपल्या खोलीत बसून, आपल्या खर्चाने तयार करायचे आहे, आणि शेजारच्या पोराने केलेले ध्येय मोबाईलवर दिवसातून चाळीस वेळा पाहायचे आहे. हे काम वाटते तितके सोपे नाही.

बहिणीचा शब्द मोडवेना. डिसेंबरात पुण्याला गेलो आणि भाच्याला म्हटले, "चल, टेकडीवर जाऊन येऊ." वेताळ टेकडी त्यांच्या घरापासून जवळ. चढ संपेपर्यंत मी काही बोललो नाही. खरे तर बोलण्याइतका श्वासच नव्हता. वर सपाटीला आल्यावर तो आपण होऊनच बोलला.

"मामा, आईनं पाठवलंय ना तुला?"

"हो," मी म्हटले.

तो हसला. मग म्हणाला, "मी रोज उठतो, बसनं हिंजवडीला जातो. काम नीट करतो, वाईट वाटत नाही. पण हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. परीक्षा देत होतो ना, तेव्हा होतं. रात्री झोपताना माहीत असायचं, उद्या का उठायचं ते. परीक्षा सोडली त्याचं दुःख नाही मला. ते माहीत असणं गेलं."

त्याची ही परीक्षा म्हणजे स्पर्धा परीक्षा. नोकरीच्या आधी दोन वर्षे त्याने सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत काढली होती. पुणेकरांना हे जग नवे नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या टापूत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली हजारो मुले-मुली राहतात, मेसमध्ये जेवतात, अभ्यासिकेतल्या ठराविक खुर्चीचे महिन्याचे भाडे भरतात आणि वाचतात. ध्येय स्पष्ट असणे म्हणजे काय, ते तिथे जाऊन पाहावे. भिंतीवर लिहिलेले असते. पण आकडे काय सांगतात? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून अधिक जणांनी अर्ज केले, सुमारे पाच लाख ब्याण्णव हजार प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी निवड झाली १०१६ जणांची. खुल्या प्रवर्गाला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळा बसता येते. म्हणजे विशी उलटल्यापासून तिशी ओलांडेपर्यंतची उमेदीची वर्षे एका यादीच्या आशेवर जाऊ शकतात, आणि लाखांची जातात. ती मुले निरर्थक जगतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्यातूनच चांगले अधिकारी निघतात. पण ज्या आईबापांना वाटते की ध्येय सापडले की पोरगे मार्गी लागले, त्यांनी एक संध्याकाळ त्या अभ्यासिकांच्या जिन्यावर उभे राहावे. भाच्याने ती वाट आपण होऊन सोडली होती. दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झाल्यावर आपल्या मनाशी हिशेब करून सोडली. घरात मात्र त्या दिवशी कोणी गेल्यासारखा स्वयंपाक झाला होता.

टेकडीवर मी त्याला आधी काही साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? जेवण जाते का? मित्रांत हसू येते का? पूर्वी आवडायचे ते अजून आवडते का? हे विचारायचे कारण असे, की 'ध्येय नाही' या नावाखाली कधी कधी निराळेच काही दडलेले असते. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते आजारपण आहे. तिथे मामाची व्याख्याने उपयोगाची नाहीत, डॉक्टर पाहिजे. सरकारने २०२२ सालापासून 'टेली-मानस' नावाची फोनसेवा सुरू केली आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. मराठीतूनही बोलता येते. भाच्याला झोप उत्तम लागत होती, आणि टेकडीवरून उतरल्यावर वडापाव कुठे खायचा हेही त्याने ठरवून ठेवले होते. तेव्हा माझी काळजी कमी झाली आणि गप्पांना मोकळीक मिळाली.

मी त्याला जॉन स्टुअर्ट मिलची हकीकत सांगितली. तुम्ही म्हणाल, वडापावाच्या वाटेवर हा तत्त्ववेत्ता कशाला? पण मिलचा आपल्याशी संबंध आहे. हा गृहस्थ लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत १८२३ साली, सतराव्या वर्षी चिकटला आणि कंपनीचे राज्य संपेपर्यंत, म्हणजे १८५८ पर्यंत, हिंदुस्थानच्या कारभारासंबंधीचे खलिते तयार करीत राहिला. माझ्यासारखाच कचेरीत पस्तीसएक वर्षे काढलेला माणूस. त्याचा बाप जेम्स मिल. त्यानेही हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदुस्थानाचा भला थोरला इतिहास लिहिला होता. अशा बापाने मुलाचे ध्येय पाळण्यातच ठरवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, खेळायला सवंगडी नाहीत, सुट्टी नाही. पंधराव्या वर्षी मुलाच्या मनात ध्येय पक्के झाले: जग सुधारायचे. आपल्या चुलत दिरांनी विचारले असते तर मिलने चकली संपायच्या आत उत्तर दिले असते.

आणि १८२६ च्या शरद ऋतूत, विशीत, एके दिवशी त्याने स्वतःला विचारले: समज, तुझ्या मनातल्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या, तर तुला त्याने मोठा आनंद होईल का? आतून उत्तर आले, नाही. तिथे त्याच्या आयुष्याचा पायाच खचला. ध्येय होते तसेच समोर उभे होते, पण त्याच्याकडे जाण्यात काही राम उरला नव्हता. तो कचेरीत जाई, खलिते लिही, सभेत बोले. सगळे सवयीच्या जोरावर. त्या काळात त्याला एक विलक्षण धास्ती पडली होती, ती त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. संगीतात सूर मोजकेच. त्यांच्या जुळण्याही मोजक्याच. त्यांतल्या सुंदर जुळण्या तर थोड्याच, आणि त्या बहुधा सापडूनही गेल्या असतील. मग एक दिवस नवे संगीत संपणार! यावर भाचा टेकडीवर एकदम मोठ्याने हसला. "भीमसेन जोशींनी एकच यमन किती वर्षं गायला, मामा?" म्हणाला. बिचाऱ्या मिलने यमन ऐकला नव्हता.

तो सावरला कसा? कोणी नवे ध्येय दिले म्हणून नाही. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो चाळीत होता. त्यात बाप मरतो आणि लहान मुलगा एकाएकी घरच्यांना सांगतो की बापाची जागा मी भरून काढीन, असा प्रसंग आला. मिलच्या डोळ्यांत पाणी आले. आपण अगदीच दगड झालेलो नाही, एवढे त्याला कळले आणि तिथून हळूहळू सूर्यप्रकाश, पुस्तके, गप्पा यांत त्याला पुन्हा गोडी वाटू लागली. मग त्याने जे अनुमान काढले ते असे, की आपण सुखी आहोत का हे विचारत बसले की सुख पळते. मन दुसऱ्या कशात तरी गुंतले असले म्हणजे ते वाटेत भेटते.

"ते ठीक आहे," भाचा म्हणाला, "पण ते दुसरं काहीतरी आणायचं कुठून?"

प्रश्न चोख होता. याचे उत्तर मिलने दिलेले मला आठवत नव्हते. आम्ही तोवर टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी आलो होतो. दगड काढून काढून खोल झालेली ती खाण, तळाशी हिरवट पाणी. भाचा कठड्याशी थांबला, पाणी निरखले, खिशातून एक मळकी वही काढली आणि दोन शब्द लिहून पुन्हा खिशात ठेवली. मी म्हटले, "हे काय?"

"काही नाही. पाणी कुठपर्यंत आहे ते."

आता, ध्येय या शब्दाबद्दल दोन ओळी लिहू द्या. हा 'ध्यै' धातूपासून आला आहे. ध्याता, ध्यान आणि ध्येय अशी ती जुनी त्रयी. ध्येय म्हणजे ज्याचे ध्यान करायचे ते, ज्यावर मन लावायचे ते. गाठायचे ते 'साध्य' किंवा 'गंतव्य'. दिवा, मूर्ती, श्वास यांपैकी कशावरही ध्यान करणारा माणूस तिथे जाऊन पोचत नाही, तो आहे तिथेच बसतो. आपण केव्हातरी या शब्दाला उचलून शंभर मैलांवर नेऊन ठेवले आणि पोरांना सांगितले, पळा.

वहीबद्दल मी आणखी विचारले. हा मुलगा शनिवार-रविवार मित्रांबरोबर किल्ल्यांवर जातो, एवढे घरी ठाऊक होते. तिथे तो काय करतो हे कोणी विचारले नव्हते. तो पाण्याची टाकी पाहतो. आपल्या प्रत्येक डोंगरी किल्ल्यावर कातळात खोदलेली टाकी असतात. त्यांवरच शिबंदी जगत असे. काही उघडी, नुसत्या पावसावर भरणारी. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी आटतात. काही कातळाच्या आत कोरलेली, छताला दगडाचेच खांब ठेवलेली. त्यांना खांबटाके म्हणतात, त्यांत ऊन शिरत नाही म्हणून पाणी टिकते. आणि काहींना झरा असतो. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचे पाणी बारमाही, ते यामुळेच. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते, आणि खोदणाऱ्या पाथरवटांना तो सांधा नेमका कुठे आहे हे कळत असे. कसे कळत असे, हे त्या पोराला हवे होते. वहीत किल्ल्याचे नाव, टाक्याची लांबी-रुंदी, महिना, आणि पाणी किती हात. दोन वर्षांचे.

हे सगळे सांगायला त्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्याने 'कशासाठी' हा शब्द एकदाही काढला नाही आणि मीही, देवाच्या दयेने, काढला नाही.

मुंबईला आल्यावर बहिणीला फोन केला. ती वाटच पाहत होती. "बोललास? काय म्हणाला?"

मी म्हटले, "आधी एका मामाची गोष्ट ऐक." आणि तिला चार्ल्स डार्विनची गोष्ट सांगितली. या डार्विनचा बाप नामांकित डॉक्टर. मुलाला १८२५ साली एडिंबरोला डॉक्टरकीला घातले. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया पाहून हा पळून आला, तो पुन्हा त्या खोलीत गेला नाही. दोन वर्षे फुकट. मग बापाने केंब्रिजला पाठवले, पाद्री होण्यासाठी. तिथे हा काय करी? शिकार, घोडेस्वारी आणि भुंगेरे गोळा करणे. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे मिळाले, ते दोन मुठींत धरले. तोच तिसरा दिसला. तोही सोडवेना, म्हणून उजव्या हातातला भुंगेरा त्याने तोंडात टाकला! त्याने जिभेवर असे काही तिखट पाणी सोडले की हा थुंकला आणि तिसराही गेला. "शी!" बहीण म्हणाली. तिला पुढचे ऐकायचे होते हे त्यावरून कळले.

बापाची खात्री झाली होती की हे पोर कुत्री, बंदुका आणि उंदीर यांपलीकडे कशाचाच विचार करीत नाही आणि घराण्याला काळिमा लावणार. १८३१ च्या ऑगस्टात पत्र आले: बीगल नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करायला निघाले आहे, निसर्गाचे निरीक्षण करणारा एक तरुण सोबत हवा आहे. बाप म्हणाला, हा खुळेपणा आहे. पण एखाद्या शहाण्या माणसाने जा म्हटले तर मी परवानगी देईन. तो शहाणा माणूस निघाला मामा, जोसाया वेजवूड. डार्विनने बापाचे आठ आक्षेप कागदावर उतरवून मामापुढे ठेवले. हा पुन्हा धंदा बदलतो आहे, याने पुढे स्थिर होणार नाही, यातून काही निष्पन्न होणार नाही, वगैरे. तुला ऐकल्यासारखे वाटतील, मी बहिणीला म्हटले. मामाने एकेका आक्षेपाला लेखी उत्तर दिले. त्यातले एक असे, की पाद्रीपणाच्या दृष्टीने याचा उपयोग नाही हे खरे, पण ज्याची जिज्ञासा मोठी आहे अशा मुलाला माणसे आणि वस्तू पाहण्याची अशी संधी फार थोड्यांना मिळते. एवढ्यावर न थांबता मामा स्वतः भाच्याला गाडीत घालून मेहुण्याकडे गेला.

जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाले, ते १८३६ च्या ऑक्टोबरात परतले. पाद्री होण्याचा बेत डार्विनने कधी रीतसर मोडला नाही. तो आपोआप वारला. ज्या ग्रंथाने त्याचे नाव झाले तो १८५९ साली आला, म्हणजे जहाजावर चढल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. चढताना असले काही त्याच्या डोक्यात नव्हते.

"आणि पुढे त्याने मामाच्याच मुलीशी लग्न केलं, १८३९ साली," मी म्हटले.

"अय्या! त्यांच्यातही चालतं?" बहीण म्हणाली. सुदैवाने मला मुलगी नाही.

ती हसली, आणि मग पूर्वीच्याच आवाजात म्हणाली, "पण दादा, सगळेच काही डार्विन होत नाहीत."

हे तिचे म्हणणे बरोबर होते. भुंगेरे गोळा करणाऱ्या लाखांपैकी एकच डार्विन होतो. बाकीच्यांजवळ भुंगेरे उरतात. टाक्यांच्या वहीतून काय होईल? बहुधा काही नाही. एखाद्या उन्हाळ्यात एखाद्या वाटसरूला पाणी कुठे आहे ते कळेल. मी तिला तसे सांगितलेही. पण एका माणसाचा आठवडा शनिवारच्या वाटेकडे डोळे लावून जातो, ही गोष्ट मला त्याच्या कंपनीतल्या बढतीपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. तिला ती वाटली. थोडा वेळ आम्ही दोघे गप्प राहिलो.

मग मी विचारले, "तुझं काय ठरलं होतं गं, त्या वयात?"

"माझं?" ती म्हणाली. "मला कुठे कोणी विचारलं?"

हे तिने रागाने म्हटले नाही, पण मग तिचे बोलणे थांबेना. बी. ए.च्या निकालाआधी लग्न, सासूबाईंचे आजारपण, मग हा मुलगा. त्याची शाळा, त्याचे क्लास. परीक्षेच्या दोन वर्षांत पहाटे पाचचा गजर तिच्या उशाशी असे, त्याच्या नाही. अभ्यासिकेचा डबा तीच भरी. निवडीच्या याद्या तीच पाही. "तो ज्या दिवशी म्हणाला ना, आई, मी सोडतोय, तेव्हा त्यानं सोडलं आणि झोपला. मी मात्र दुसऱ्या दिवशीही पाचलाच उठले. आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले रे. काय करायचं तेच कळेना."

मी आतापर्यंत समजत होतो की बहीण मुलाच्या काळजीने फोन करते आहे. ती तशी करतही होती. पण ध्येयावाचून स्वयंपाकघरात उभी असलेली तीच होती, अठ्ठावन्न वर्षांची, आणि तिला फराळाच्या वेळी कोणी "पुढे काय ठरवलंयस?" विचारीत नव्हते. कॉफी कोणाकोणाला, हे तीच विचारीत होती. आपल्या घराघरांतून अशा बाया आहेत, आणि निवृत्त झालेले पुरुषही. मुलांच्या ध्येयावर त्यांचे पोट चालते. मुलगा म्हणतो मला ध्येय नाही, तेव्हा उपाशी कोण राहते ते आपण पाहत नाही.

तिला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाठवून दिली. लग्नाआधी वाचली होती म्हणाली. पण आता वाचताना निराळे दिसेल असे मला वाटले. त्या पुस्तकातला नवरा, रेव्हरंड टिळक, सतत कुठल्या तरी ध्येयाने पेटून घराबाहेर पडणारा, आणि बायको समोर आलेले काम करीत, भांडत, हसत पाठीमागून येणारी. नवरा १९१९ साली गेला. त्याचे चरित्र लिहायला साहित्य हवे म्हणून मुलाने आईला आठवणी लिहायला लावले, आणि जिला शाळा म्हणून ठाऊक नाही त्या बाईच्या हातून १९३४ ते १९३६ या काळात मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र छापून आले. तेव्हा त्यांचे वय सहासष्टच्या पुढे होते.

बहिणीने पुस्तक पोचल्याचे कळवले. वाचले की नाही, सांगितले नाही. मार्चमध्ये तिने आपण होऊन एवढेच सांगितले, की पाचला जाग येतेच, तर ती अंगणातल्या पायरीवर बसून असते. मुलाने तिला पक्ष्यांचे आवाज ओळखण्याची काहीतरी युक्ती मोबाईलवर घालून दिली आहे. "दयाळ रोज त्याच तारेवर येतो," म्हणाली. "दुसरा कोण ओरडतो ते अजून कळलेलं नाही." मी पुढे काही विचारले नाही. आपण विचारले की तिला वाटते, आता याचे उत्तर दिले पाहिजे.

भाच्याची नोकरी तीच आहे. त्याच्या कंपनीत यंदा काही लोकांना काढले, त्यात तो नव्हता. काढले असते तर काय केले असते, तेही त्याने ठरवलेले नव्हते. आता वहीच्या जागी त्याने मोठी, जाड पुठ्ठ्याची वही केली आहे आणि जुने आकडे शाईने उतरवून काढले आहेत. मध्यंतरी माझ्याकडे आला तेव्हा दाखवली. उभे किल्ले, आडवे महिने. पावसाळ्यातले रकाने भरलेले, हिवाळ्यातले भरलेले, पण शिवनेरीच्या ओळीत एप्रिल रिकामा होता. एप्रिलमध्ये ऊन फार, म्हणाला. पहाटे तीनला निघावे लागेल आणि जुन्नरमध्ये आदल्या रात्री मुक्काम टाकला तर बरे. मामा येणार का, असेही विचारले. गुडघ्यांना विचारून सांगतो म्हटले आहे.